निळी ठिणगी
बाळापूरच्या जानराव मिस्त्रींची नजर गेल्यापासून त्यांच्या गॅरेजात कुणी फिरकत नव्हतं. आज मात्र गोपाल दूधवाला मोटारसायकल घेऊन आला. "काका, धुतली की झटके मारते, वाळली की झकास चालते. तिघा मिस्त्र्यायनं पाह्यली, कोनाले समजत नाई." "असं काहून होते, बाबा?" लेकीनं, रश्मीनं विचारलं. "शटर ओढ, प्लगच्या वायरीवर पानी शिंपड अन् किक मार. अंधारात दिसन तुले." इंजिन अडखळू लागलं आणि ओल्या वायरीतून निळी ठिणगी इंजिनावर उडताना तिला दिसली. "बाबा, वीज मधातूनच पळून राह्यली!" "नेमकी कुठून?" इंजिन बंद करून तिनं त्यांचं बोट वायरीच्या बारीक चिरेवर टेकवलं. जानराव खुदकन हसले. "वायर कवा बदलता, काका?" गोपालनं विचारलं. "मले काहून इचारतं? मिस्त्रीले इचार," म्हणत त्यांनी पक्कड लेकीच्या हातात दिली.