मामा कुठपर्यंत आले?

मुहूर्ताला नऊ मिनिटं उरली होती, भटजी अंतरपाट झटकत उभे होते आणि नवरीला बोहल्यावर आणणाऱ्या मामाचाच पत्ता नव्हता. नवरीच्या आईने, शैलजाताईंनी, भावाला फोन लावला आणि वरपक्षाचीही खात्री पटावी म्हणून स्पीकरवर टाकला.

"हा काय, पोचतोच आहे!" दिगंबरमामा म्हणाले.

शैलजाताईंनी विजयी मुद्रेने विहिणीकडे पाहिलं. झोयाबाई रशियातल्या उदमुर्त मुलखातल्या. त्यांच्या कानातलं दुभाषी यंत्र मराठीचं उदमुर्त करायचं. त्या भाषेत माणूस जागेत आहे, जागेतून निघालाय, जागेकडे येतोय की जागेपर्यंत आलाय, हे शब्दाच्या शेपटीलाच जोडावं लागतं. मामांच्या बोलण्यात यातलं काहीच नव्हतं. मग यंत्राने परस्पर मामांच्या फोनच्या कॅमेऱ्यातूनच पाहून घेतलं.

झोयाबाई गोंधळल्या. त्या बोलल्या ते यंत्राने अख्ख्या हॉलला मराठीत ऐकवलं, "पण भाऊ तर 'मी न्हाणीघरात आहे' असं म्हणतायत."

हॉलमध्ये हशा पिकला. शैलजाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, अरे लाज आण जरा!"

"अगं, घर मागच्याच गल्लीत आहे, म्हणून जरा निवांत..." मामा चाचरले आणि मग जोरात ओरडले, "विहीणबाईंना सांग, निघालो! हा बघ, दारापर्यंत आलोसुद्धा!"

झोयाबाईंनी डोळे मिटून कानातलं नीट ऐकलं आणि शैलजाताईंचा हात मायेने थोपटला.

"टॉवेलपर्यंत," त्या म्हणाल्या.