एकेचाळीस खून

"भयपटाइतकी थोर कला या भूतलावर दुसरी नाही!" खुन्याचं काम करणाऱ्या नटाने दिग्दर्शकाला ठणकावून सांगितलं, आणि त्या आवेशात त्याच्या कुऱ्हाडीचं थर्माकोलचं पातं गळून पडलं. ते निमूटपणे उचलून तो मुद्द्यावर आला.

"साहेब, या सहाव्या भागात एकदाच मुखवटा काढू द्या. पाच भागांत एकेचाळीस माणसं मारली, पण आईला एकही खून पटत नाही. म्हणते, तो कुणी दुसराच असणार. तिची नजर जात चाललीय हो. सातव्या भागापर्यंत काही दिसायचं नाही तिला."

दिग्दर्शकालाही वाईट वाटलं. "अरे बाबा, तुझा चेहरा बघितला की वाटतं, हा आता चहा विचारणार. पब्लिक हसेल, आणि आपलं सगळ्यांचं दुकान बंद."

"मग एखादं वाक्य तरी बोलू द्या."

"खुनी मुका आहे, राजा. तीच तर त्याची दहशत."

नटाने डोळे पुसले आणि मुखवटा चढवला. जरा वेळाने आतून दबका आवाज आला, "साहेब, शेवटच्या खुनानंतर एकदा शिंकलो तर चालेल का? माझी शिंक आई बरोबर ओळखते."