लाल रेघ

सरिता मॅडमनी नववीच्या वर्गाला आज सकाळच्या चालण्याचा, घर ते शाळा, अंतर-काल आलेख काढायला लावला होता. मोनालीचा आलेख नेटका होता. नरडाण्याच्या रेल्वे फाटकाशी ती दहा मिनिटं थांबली, तिथं रेघ आडवी. साडेदहाला वर्गात पोचली, तिथून पुन्हा आडवी.

पण खाली लाल पेनाची आणखी एक रेघ होती. तीही मोनालीच्याच घरून निघालेली, जरा उशिरा. फाटकाशीसुद्धा न थांबता ती संथपणे सरळ वर चढत आली होती, आणि शाळेबाहेरच्या निंबापाशी तुटली होती.

"ही कोणाची गं?"

"मन्हा मांगे येस ना ते, मॅडम," मोनाली हळूच म्हणाली. "माझ्या मागून येतं ते. रस्त्यात हलेल ते सगळं मांडा, म्हणालात ना तुम्ही."

वर्गात कोणीच हसलं नाही.

"मग अर्धवट का सोडलीस?"

"मी पुढे काढतच नाही. काढली नाही ना, की ते निंबाखालीच राहतं."

मॅडम वैतागल्या. "एकसमान गती आहे ही. अशी रेघ मधेच सोडायची नसते."

"नका ना वाढवू, मॅडम!"

तोवर पट्टी लागली होती. लाल रेघ मोनालीच्या आडव्या रेघेला जाऊन मिळाली. मॅडमनी खालची वेळ वाचली: अकरा वीस.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा एकोणीस झाले होते.

मोनालीनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं, आणि दाराकडे न बघता बाकावर सरकून शेजारी जागा केली.