माशांनी सोडलेली जागा

धाकट्या भावाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले ते बोटभर मासे थोरल्याच्या डोक्यात जायचे. त्यांचा थवा प्रवाळाजवळ आला की दुभंगायचा, रिकाम्या पाण्याला वळसा घालायचा आणि पलीकडे पुन्हा जुळायचा.

"हात घालू नकोस, दादा. त्यांना तिथे काहीतरी दिसत असेल."

"डोंबल दिसतंय! मासे भित्रे आणि मालक भागूबाई!" बाही सरसावून थोरल्याने नेमका तिथेच हात घातला. हाताला फक्त पाणी लागलं.

त्याने हात बाहेर काढला. थवा पहिल्यांदाच त्या जागेतून सरळ पार गेला.

"बघ, गेली तुझी भुतं!" थोरला फिस्कन हसला.

टॉवेल घेऊन धाकटा सरळ त्याच्याकडे निघाला, मध्येच वळला आणि मोकळ्या फरशीला वळसा घालून आला.

"असा का आलास?"

"कसा?" धाकट्याने विचारलं.