चाळीस सेन्सर आणि एक मिस्त्री

कारखान्यातल्या यंत्रांवर चाळीस सेन्सर बसले आणि मिस्त्रींच्या नोकरीचा शेवटचा आठवडा उजाडला. मंगळवारी भर दुपारी त्यांनी तीन नंबरचं यंत्र सरळ बंद करून टाकलं.

मॅनेजर धावत आले. “अहो काका, पडद्यावर सगळं हिरवंगार आहे!”

“बेअरिंग तापलंय, साहेब. खोटं निघालं तर आठवडाही भरत नाही, आत्ताच घरी जातो.”

झाकण उघडलं. बेअरिंग तापून निळं पडलं होतं. आणखी तासाभरात यंत्राचा निकाल लागला असता. सेन्सर मात्र कालचंच तापमान इमानेइतबारे सांगत होता.

“सिस्टीमला कळलं नाही, ते तुम्हाला कसं कळलं?”

मिस्त्रींनी खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे कारखान्यातली मांजर अंग चाटत बसली होती. “रोज त्या झाकणावर उबेला झोपते. आज बाईसाहेब चटका बसल्यासारख्या उठल्या, तेव्हाच समजलो.”

मॅनेजर शिकलेले होते. चूक कबूल करणं त्यांना जमणारं नव्हतं. संध्याकाळी सिस्टीममध्ये नवी नोंद झाली: ‘सेन्सर क्रमांक एक्केचाळीस, जैविक. कायमस्वरूपी देखभाल: मिस्त्री.’