पहिला नंबर

पोराचं मोबाईलचं वेड सुटावं म्हणून समुपदेशकांनी एक ॲप दिलं. जितका वेळ फोनला हात लावायचा नाही तितके गुण, आणि ज्याचे गुण जास्त त्याचा नंबर वर. गेमवेड्या पोराला आणखी काय हवं! त्याने स्वतःचा फोन कपाटात टाकला तो टाकलाच.

आठवड्याने आई त्याला घेऊन पुन्हा आली.

"काय म्हणतोय आमचा वीर?"

"त्याच्या फोनला शिवत नाही हो," आई वैतागून म्हणाली. "माझा घेऊन बसतो आणि आपला नंबर कितवा आला ते दिवसभर बघत राहतो. परीक्षा तोंडावर आलीय, पुस्तक उघडायचं नाव नाही. आणि मी फोन उचलत नाही म्हणून माझी बहीण रुसून बसलीय ती वेगळीच!"

"कितवा आलास रे?"

"पहिला," आईच्या फोनमधून मान वर न काढता पोरगं म्हणालं. "एक जण कधीचा वर चिकटून बसला होता. आज सकाळी खाली खेचला त्याला."

समुपदेशकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी बाहेरच्या रिसेप्शनिस्टला हाक मारली,



"ताई, तुमचा फोन आणा बघू लवकर! माझ्याला हात लावला तर आहेत ते गुणही जातील."