वीस मिनिटं पुढे

पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या, आणि नाव ठेवणारी मालूआत्याच आतल्या खोलीत अडून बसली होती.

"भावाला बेचाळिसाव्या वर्षी लेक झाली आणि मी तिला काळीपांढरी बघू? रंग आल्याशिवाय मी काही बाहेर येणार नाही!"

मालूआत्याचे दोन्ही डोळे यंत्राचे. काल ते बंद पडले, म्हणून दुरुस्तीवाल्या नीलोफरने त्यांतलं सगळं पुसून सिस्टम नव्याने टाकली. दिसायला लागलं, पण रंग अपडेटबरोबर येणार होते, आणि अपडेट चौथ्यांदा शेवटच्या टप्प्यावरून मागे फिरलं होतं.

नीलोफरने कपाळावरचा घाम पुसला. "ताई, डोळ्याच्या कोपऱ्यात वेळ किती दिसते?"

"अकरा वीस."

नीलोफरच्या फोनवर अकरा वाजले होते.

"काल डोळ्यांनी वेळ विचारली, तेव्हा मीच पुढे लावली," मालूआत्या म्हणाली. "आमच्याकडे सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढेच असतात. एसटी चुकत नाही."

"एसटी चुकत नाही, पण वेळ जुळली नाही की अपडेट पाठवणारा सर्व्हर तुमच्या डोळ्यांना खोटारडं समजतो ना!" नीलोफर हसत सुटली आणि तिने वेळ बरोबर लावली.

पाचव्या खेपेला अपडेट सुरळीत झालं. समोरची भिंत पोपटी झाली. मालूआत्या धावतच पाळण्यापाशी गेली, वाकली, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं विसरून बघतच राहिली.

कारखान्यातून आलेले तिचे डोळे काळेभोर होते. अपघातात गेलेले तिचे मूळचे घारे डोळे पाळण्यातून तिच्याकडे टकमक बघत होते.